रुग्ण घरी गेल्यावर त्याचं काय होतं, ते आधी बघ

प्रश्न असा आला आहे: "पुण्यात सरकारी कॉलेजात माझी इंटर्नशिप संपत आली आहे. जिथे डॉक्टर पोचत नाही अशा लोकांमध्ये काम करायचं आहे, जमलं तर आफ्रिकेतही. आधी एमडी करू, थेट परदेशात एमपीएच (सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी) करू, की एखाद्या आंतरराष्ट्रीय संस्थेकडे अर्ज करू? बॉण्डचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, एक वर्ष पैसे भरून सोडवावं का? घरचे म्हणतात, एवढं शिकून हे कशाला."

तू माझ्या मुलीच्या वयाची असशील, म्हणून एकेरीत लिहिते. मी मेडिसिनची एमडी. गेली तीस वर्षं थोडी नंदुरबारच्या धडगावकडे, थोडी मलावीत आणि बरीचशी पुण्यातच गेली. तुझ्या सगळ्या प्रश्नांना उत्तरं देते, पण आधी एक घटना सांगते. माझी सगळी उत्तरं तिच्यातूनच निघतात.

१९९४ साली मी पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात निवासी डॉक्टर होते. आमच्या युनिटला वेल्हे तालुक्यातली एक मुलगी दाखल झाली. वय अठरा-एकोणीस. चढण चढताना धाप लागायची, रात्री आडवं झोपता यायचं नाही. छातीला स्टेथो लावला तर मायट्रल स्टेनोसिसचा, म्हणजे हृदयाची झडप अरुंद झाल्याचा, मर्मर इतका स्वच्छ ऐकू आला की सगळे निवासी डॉक्टर येऊन ऐकून गेले. परीक्षेला ठेवावी अशी केस, असं आम्ही म्हणायचो. लहानपणी घसा धरला, ताप आला, सांधे सुजले आणि उतरले, कुणी लक्ष दिलं नाही. त्यातून जडलेला हा रूमॅटिक हृदयरोग. दाटीवाटीने राहणाऱ्या, दवाखान्यापासून लांब असलेल्या माणसांचा आजार.

आम्ही तिला लघवी होण्याच्या गोळ्या दिल्या, पाणी उतरलं, दहा दिवसांत ती वॉर्डभर चालायला लागली. फुग्याने झडप रुंद करण्याच्या यादीत तिचं नाव घातलं. डिस्चार्ज कार्डावर मी माझ्या हाताने लिहिलं की पेनिड्युर, म्हणजे पेनिसिलीनचं इंजेक्शन, बारा लाख युनिट, दर २१ दिवसांनी, चालू ठेवणे. हे सगळं इंग्रजीत.

चौदा महिन्यांनी ती परत आली. सात महिन्यांची गरोदर, फुप्फुसात पाणी भरलेलं, ओठ निळे. पहाटे चारच्या सुमाराला गेली. मी ड्युटीवर होते.

महिनाभराने एका सुट्टीला मी स्वारगेटवरून मुक्कामी एसटी धरली. पानशेतच्या पुढे उतरून तासभर चालले. तिच्या आईने मला ओळखलं, पाणी दिलं आणि देव्हाऱ्यातल्या तसबिरीमागून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं ते कार्ड काढलं. घरात कुणालाच ते वाचता येत नव्हतं, तरी जपलेलं होतं. मग एकेक गोष्ट कळत गेली. पहिलं इंजेक्शन घ्यायला ते जवळच्या दवाखान्यात गेले, तर पेनिसिलीनची रिअ‍ॅक्शन येईल या भीतीने तिथे कुणी टोचायला तयार झालं नाही. "पुण्याला जा" म्हणाले. पुण्याला तीनदा गेले. प्रत्येक खेपेला दोन माणसांची दोन दिवसांची मजुरी आणि एसटीचं भाडं. चौथ्या वेळी भाताची लावणी आली. तोवर ती हिंडू-फिरू लागली होती, धाप नव्हती, म्हणजे बरी झाली असंच सगळ्यांना वाटलं. मग लग्न ठरलं. "या मुलीने डॉक्टरला विचारल्याशिवाय दिवस राहू देऊ नयेत" हे वाक्य मी तिला, तिच्या आईला किंवा कुणालाही सांगितलेलं नव्हतं. निदान अचूक होतं, औषध बरोबर होतं, आणि हे वाक्य माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्या दिवशी परत येताना मला जो धडा मिळाला त्यालाच पुढे लोक ग्लोबल हेल्थ म्हणताना ऐकलं. रुग्ण आपल्या समोरून उठून घरी जातो, तिथे त्याचं काय होतं हे माहीत असणं, आणि ते माहीत नसेल तर आपलं काम अर्धंच झालं असं मानणं. मलावीतही हेच, पुण्यातल्या जनता वसाहतीच्या झोपडपट्टीतही हेच. देश कुठला हा प्रश्न मला नेहमी दुय्यम वाटत आला आहे.

आता तुझ्या बॉण्डविषयी. पैसे भरून ते सोडवू नकोस. ती रक्कम मोठी आहेच, पण मी पैशासाठी म्हणत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातलं हे एक वर्ष तुला जे देईल, ते पुढे कुठलीही परदेशी पदवी देऊ शकणार नाही. आपल्याकडे सपाटीवर साधारण ३० हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात २० हजार लोकवस्तीमागे एक आरोग्य केंद्र असावं असा नियम आहे, उपकेंद्र ५ हजार आणि ३ हजारांमागे. म्हणजे पंचविशीत तुझ्या हाती एका लहान शहराएवढी माणसं येणार. त्यांच्यासाठी तुला रक्तदाब तर तपासायचा आहेच, शिवाय औषधांचं स्टॉक रजिस्टर बघायचं, लशींच्या आइसलाइन्ड रेफ्रिजरेटरचं तापमान दोन वेळा लिहिलं जातंय का ते बघायचं, गाडीचा चालक रजेवर असेल तेव्हा अडलेली बाई कशी पोचवायची ते ठरवायचं. हे सारं ओपीडीच्या खुर्चीत बसून शिकता येत नाही.

पहिल्या महिन्यात एक काम कर. आरोग्य सेविकेबरोबर आणि आशाताईंबरोबर घरं फिर. तू सोबत जातेस, तपासणीला नाही, हे त्यांना आधी सांग. त्या वहीत काय लिहितात, काय लिहीत नाहीत आणि का लिहीत नाहीत ते बघ. मी पहिल्यांदा अशी फिरले तेव्हा एका आशाताईने मला घरापाशी थांबवून हळूच सांगितलं, "मॅडम, हिच्या सासूसमोर विचारू नका, विहिरीवर भेटू." गावातला निम्मा इतिहास विहिरीवर घ्यायचा असतो, हे कुठल्या क्लिनिकल मेथडच्या पुस्तकात नव्हतं.

आशाताई बाळंतिणीच्या घरी ज्या भेटी देतात, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी अशा बेचाळिसाव्या दिवसापर्यंत, त्या कुठून आल्या हेही समजून घे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. बाळं घरी जन्मत होती आणि घरीच दगावत होती. तेव्हा गावातल्याच बायकांना त्यांनी बाळाचा श्वास मोजायला, वजन करायला, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायला शिकवलं. ३९ गावांत हे झालं आणि तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं आणि २०११ पासून देशभर आशांच्या कामात आलं. या दोघांनी त्याआधी जॉन्स हॉपकिन्समधून सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली होती. ती पदवी घेऊन ते जिथे गेले ते बघ. पदवीचा उपयोग कसा होतो ते मला त्यातून कळलं.

डॉ. हिम्मतराव बावस्करांचं उदाहरण माझ्या फार जवळचं. महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात विंचवाने चावलेली माणसं, विशेषतः मुलं, डोळ्यांदेखत जात होती. लाल विंचवाच्या विषाने हृदय आणि फुप्फुसं कशी बिघडतात हे त्यांनी रुग्णांच्या उशाशी रात्र-रात्र बसून टिपलं. १९८२ मध्ये त्यांचं निरीक्षण 'लॅन्सेट'ने छापलं आणि पुढे प्राझोसिन या साध्या, स्वस्त गोळीने कोकणातले मृत्यू कमालीचे घटले. संशोधनासाठी मोठ्या केंद्रातच जावं लागतं असं कुणी सांगितलं तर हे आठव.

एमडी करायची का? कर. याबाबत माझं मत ठाम आहे, वेगळं मत असणारे चांगले लोक मला माहीत असूनही. दूरच्या ठिकाणी तुला विचारायला कुणी नसतं. ईसीजी समोर आहे, फोनला रेंज नाही, आणि रुग्णवाहिका तीन तासांवर. तिथे तळमळ पुरत नाही, हात तयार लागतो. मेडिसिन, बालरोग, स्त्रीरोग, शस्त्रक्रिया, भूल, फॅमिली मेडिसिन, यातलं कुठलंही चालेल. आणि ज्या शाखेत जाशील तिथे शेजारच्या शाखेची चार कामं मुद्दाम शिकून घे. मेडिसिन घेतलंस तरी नवजात बाळाला अंबू बॅगने श्वास द्यायला, छातीत नळी घालायला, सोनोग्राफीने पोटातलं पाणी आणि गर्भ बघायला, केटामाइन हे भुलीचं औषध सुरक्षितपणे वापरायला आणि मायक्रोस्कोपखाली मलेरियाची स्लाइड वाचायला शीक. रेसिडेन्सीत वेळ नसतो हे मला ठाऊक आहे. रात्रीच्या ड्युटीत प्रयोगशाळेच्या तंत्रज्ञाकडे अर्धा तास बसलीस तरी स्लाइड शिकून होते.

मी एमडीनंतर धडगावकडे एका छोट्या संस्थेच्या दवाखान्यात गेले, १९९६ ते १९९९. सातपुड्यातले पाडे, पावरी बोलणारी माणसं. पहिले सहा महिने मी दुभाष्याशिवाय निरुपयोगी होते. सिकलसेलच्या वेदनेने कळवळणारी मुलं, कुपोषण आणि क्षय. क्षयाचे रुग्ण मी औषधावर घेतले की दिवाळीनंतर निम्मे गायब. चिडायचे मी. मग एका रुग्णाच्या भावाने सांगितलं, सगळे ऊसतोडीला गुजरातमध्ये जातात, पोरंबाळं घेऊन, आणि पावसाळ्याआधी परततात. रुग्ण घरी गेल्यावर काय होतं ते बघायचं ठरवलं होतं, आणि इथे घरच सहा महिने दुसऱ्या राज्यात जात होतं! पुढच्या हंगामापासून आम्ही जाणाऱ्या प्रत्येक टोळीच्या मुकादमाचं नाव, कारखान्याचा गट आणि पुढचा मुक्काम लिहून घ्यायला लागलो आणि जाताना औषधं बांधून द्यायला लागलो. सगळे टिकले नाहीत. बरेच टिकले.

तिथेच पेनिड्युरचा प्रश्न पुन्हा आला. हृदयाच्या झडपा खराब झालेली नऊ मुलं आमच्याकडे होती. २१ दिवसांनी इंजेक्शन म्हणजे नेमके तीन आठवडे, म्हणजे वार तोच. हे लक्षात आल्यावर मी प्रत्येकाची तारीख आठवडी बाजाराच्या वाराला बांधली, कारण त्या दिवशी पाड्यांवरून जीपा येतात आणि आई-बाप तसेही बाजाराला येतात. कार्डं मराठीत केली, वर बाजाराची खूण काढली. इंजेक्शननंतर अर्धा तास थांबवायचं, अ‍ॅड्रिनलिन भरून शेजारी ठेवायचं आणि दोन सिस्टरना रिअ‍ॅक्शन सांभाळायला शिकवून त्यांची भीती घालवायची. एवढंच केलं. वेल्ह्याची मुलगी यातल्या प्रत्येक पावलाला माझ्या डोळ्यांसमोर होती.

आता परदेशाकडे वळते. तुला वाटतं तसा तो वेगळा रस्ता नाही. २०१० मध्ये, मुलगी थोडी मोठी झाल्यावर, मी दोन वर्षांसाठी मलावीच्या दक्षिणेकडच्या एका जिल्हा रुग्णालयात गेले. त्याआधी लिव्हरपूलला उष्ण कटिबंधातल्या आजारांचा तीन महिन्यांचा डिप्लोमा केला होता. १८९८ साली स्थापन झालेली ही शाळा. रोनाल्ड रॉस सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू शोधून नंतर तिथेच शिकवायला गेले. डिप्लोमा उपयोगी पडला. त्याहून उपयोगी पडलं धडगाव.

मलावीत जिल्हा पातळीवर डॉक्टर एखाद-दुसरा. सगळा भार क्लिनिकल ऑफिसरांवर. हे एमबीबीएस नसतात, तीन वर्षांचं शिक्षण आणि पुढे उमेदवारी केलेली ही माणसं, आणि जिल्हा रुग्णालयांतली बहुतेक सिझेरियन तेच करतात. मी एमडी, पंधरा वर्षांचा अनुभव. पहिल्या आठवड्यात माझ्या मनात नकळत असं होतं की मी शिकवायला आले आहे. पावसाळा चालू होता, म्हणजे मलेरियाचे आणि भुकेचे महिने, कारण मका अजून शेतात उभा असतो आणि कणगी रिकामी. एका पलंगावर दोन-दोन मुलं. तापाने फणफणलेलं, हातपाय गार पडलेलं मूल आलं की मी सलाइन धावतं सोडायची. शॉकमध्ये असंच करायचं, मी तसंच शिकले होते. तिथला वयस्क क्लिनिकल ऑफिसर मला म्हणाला, "मॅडम, सावकाश. रक्त कमी असलेली मुलं सलाइनने फुगतात, मी पाहिलंय." मी त्याचं ऐकलं नाही.

मे २०११ मध्ये एका मोठ्या चाचणीचा निकाल आला. केनिया, युगांडा आणि टांझानियातली ३,१४१ मुलं. तापाने गंभीर झालेल्या आणि रक्ताभिसरण मंदावलेल्या मुलांना भराभर सलाइन किंवा अल्ब्युमिन दिलं, तर अठ्ठेचाळीस तासांत साधारण १०.६ टक्के दगावली. न देता सावकाश सांभाळलेल्यांत ७.३ टक्के. जगभरच्या पुस्तकांतला उपचार अतिदक्षता विभाग नसलेल्या ठिकाणी मुलांचा जीव घेत होता. जुलाबाने कोरड्या पडलेल्या मुलाला पाणी लागतंच, त्याला हे लागू नाही, हेही लक्षात ठेव. तो निकाल मी त्या ऑफिसरला वाचून दाखवला आणि त्याची माफी मागितली. मी सोडलेल्या त्या सलाइन आजही आठवतात. दुसऱ्या देशात जाशील तेव्हा पहिले तीन महिने विचार, ऐक, आणि ज्या गोष्टी तुला चुकीच्या वाटतील त्यांची वही कर. तीन महिन्यांनी वाचशील तेव्हा त्यातल्या किती खरंच चुकीच्या होत्या ते दिसेल.

तिथे पाहिलेली दुसरी गोष्ट मात्र आनंदाची. एचआयव्ही असलेल्या गरोदर बाईला आयुष्यभराची औषधं द्यायची की फक्त बाळंतपणापुरती, हे तेव्हा रक्तातल्या सीडी-४ पेशींच्या तपासणीवर ठरायचं. खेड्यात ते यंत्र नसायचं, असलं तर बंद. बाई नमुना देऊन जायची, निकाल यायचा तेव्हा तिचा पत्ता नसायचा. २०११ मध्ये मलावीच्या आरोग्य खात्याने सरळ निर्णय घेतला की तपासणीची वाट नको, प्रत्येक पॉझिटिव्ह गरोदर बाईला त्याच दिवसापासून आयुष्यभर औषधं. दोन वर्षांनी जागतिक आरोग्य संघटनेने हाच मार्ग आपल्या मार्गदर्शनात घेतला, पुढे भारतानेही. बाई घरी गेली की परत येणं किती अवघड आहे हे ज्यांना रोज दिसत होतं, त्यांनीच हे ठरवलं. गरीब देशाने जगाला शिकवलं, आणि मी ते शिकताना तिथे होते.

त्याच वर्षी मलावीत पेट्रोल-डिझेलची भयंकर टंचाई होती. पंपांवर दिवसेंदिवस रांगा. रुग्णवाहिका उभी आणि टाकीत काही नाही. बाळंतिणी सायकलच्या कॅरियरवर यायच्या. रुग्णालयाच्या आवारात नातेवाइकांची पडवी असते, तिथे ते चूल पेटवून न्सिमा रांधतात, मक्याच्या पिठाची घट्ट उकड. त्या पडवीत संध्याकाळी बसलं की मला ससूनच्या आवारात पथारी पसरलेले नातेवाईक आठवायचे. रुग्णाबद्दल सगळ्यांत जास्त माहिती त्या पडवीत मिळायची. मोडक्यातोडक्या चिचेवा भाषेत "मुली ब्वांजी" म्हणजे कशी आहेस, एवढं विचारून बसलं तरी गोष्टी उलगडायच्या.

पुण्यात बसूनही या कामाच्या किती तारा हातात येतात, हे तुझ्या कॉलेजात कुणी सांगितलं नसेल, म्हणून सांगते. इथल्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजींनी वढू बुद्रुकमध्ये ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं. भारतीय रोटाव्हायरस लशीची मोठी चाचणी दिल्ली आणि वेल्लोरसोबत वढूतही झाली. एचआयव्ही असलेल्या आईच्या दुधावरच्या बाळाला सहा आठवडे नेव्हिरापिन हे औषध द्यायचा जो अभ्यास २००८ मध्ये आला, त्यात इथिओपिया आणि युगांडाबरोबर पुणं होतं, बी. जे. मेडिकल. भोसरीच्या एड्स संशोधन संस्थेने तर उपचार घेणाऱ्या जोडीदाराकडून लागण ९६ टक्क्यांनी कमी होते हे दाखवणाऱ्या २०११ च्या अभ्यासात भाग घेतला. आणि आफ्रिकेच्या मेनिंजायटिस पट्ट्यासाठीची लस इथे हडपसरला सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झाली. आफ्रिकी देशांनी आधी किंमत सांगितली होती, एका डोसला अर्ध्या डॉलरहून कमी, आणि लस त्या किमतीत बसवली गेली. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत ती द्यायला सुरुवात झाली.

आणि २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोडला, किरकटवाडी-नांदेडच्या बाजूला गुइलेन-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकापाठोपाठ आले, तेव्हा आम्ही सगळे पाण्याच्या विहिरीपर्यंत माग काढत गेलो. साथीचं शास्त्र शिकायला विमान लागत नाही. कचरावेचक बायकांच्या गुडघ्यांवर आणि फुप्फुसांवर, वाघोलीच्या बांधकामांवरच्या मुलांच्या लसीकरणावर, कात्रजच्या वीटभट्ट्यांवर काम करायला माणसं कमी आहेत. दर आठवड्याचा एक अर्धा दिवस रेसिडेन्सीतही काढता येतो. मी काढत होते.

एमपीएच. नक्की कर, पण लगेच नको. तीनेक वर्षं एका जागी काम केल्यावर तुझ्या मनात एक प्रश्न ठाण मांडून बसेल, रात्री झोप येऊ देणार नाही असा. तो घेऊन जा. प्रश्न नसेल तर वर्गात सांख्यिकी येते आणि विसरते. माझ्या ओळखीचे दोन तरुण इंटर्नशिपनंतर थेट गेले, लाखोंचं कर्ज डोक्यावर घेऊन, आणि हप्त्यांसाठी आता त्यांना न आवडणाऱ्या कन्सल्टन्सीत आहेत. हुशार मुलं, फार वाईट वाटतं. आपल्याकडे त्रिवेंद्रमचं अच्युत मेनन सेंटर आहे, चेन्नईची राष्ट्रीय साथरोग संस्था आहे, मुंबईची टिस ही समाजविज्ञान संस्था आहे. बाहेर जायचंच तर चेव्हनिंग किंवा कॉमनवेल्थसारखी शिष्यवृत्ती मिळेपर्यंत थांब. चेव्हनिंगला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतोच, आणि नंतर दोन वर्षांसाठी मायदेशी परतण्याची अट आहे. मला ती अट आवडते. पदवीआधी जामखेडला जाऊन ये. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे काम सुरू करून ज्या बायकांना आरोग्यसेविका केलं, त्यांतल्या कित्येक निरक्षर होत्या. त्यांच्या वारसदार बायकांकडून चार दिवस शिकून बघ.

संशोधनाला कमी लेखू नकोस. क्षयरोगाच्या घरात नुसती गोळी देऊन भागत नाही, पोटात अन्न लागतं, हे धडगावात आम्हाला दिसत होतं. सिद्ध करायला मात्र झारखंडमध्ये नीट अभ्यास करावा लागला. २०२३ मध्ये निकाल आला की घरच्यांना शिधा दिला तर त्यांच्यातला नवा क्षय ३९ टक्क्यांनी कमी होतो. आम्ही ते वीस वर्षं फक्त बोलत राहिलो. कुणीतरी मोजलं म्हणून धोरणात वजन आलं.

डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्ससारख्या संस्था पदवीनंतर साधारण दोन वर्षांचा अनुभव मागतात, पहिली नेमणूक बहुतेकदा नऊ-बारा महिन्यांची असते, फ्रेंच किंवा अरबी येत असेल तर फायदा. युद्धात, साथीत त्यांचं काम मोलाचं आहे. एक मात्र पाळ. दोन आठवड्यांच्या 'मेडिकल कॅम्प'साठी दुसऱ्या देशात जाऊ नकोस. दोन आठवड्यांत तू ज्याला औषध सुरू करशील, त्याचं पुढे काय झालं हे तुला कधीच कळणार नाही. रुग्णांचे फोटो काढून टाकू नकोस. आणि शोधनिबंध लिहिशील तेव्हा तिथल्या सहकाऱ्यांची नावं आभारात न टाकता लेखकांत घाल, पहिलं नाव त्यांचं शोभत असेल तर पहिलं.

यूएसएमएलईच्या, म्हणजे अमेरिकेत डॉक्टरकी करण्यासाठीच्या परीक्षेच्या, मार्गानेही लोक या कामात येतात. मी तो मार्ग नाकारत नाही, पण माझ्या बॅचमधले तसे गेलेले परतले नाहीत.

घरच्यांबद्दल. माझ्या आईने धडगावला निघताना आठ दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं. तिची भीती खरी होती, पैशाची, एकटेपणाची आणि माझ्या लग्नाची. आई-बाबांना ध्येयाबद्दल व्याख्यान देऊ नकोस. कागद घेऊन बसा. पगार किती, कर्ज किती, विमा कुणाचा, आजारपणात कोण येईल, किती वर्षांनी परत विचार करायचा, हे लिहा. सामाजिक संस्थांत पगार खासगी रुग्णालयापेक्षा बराच कमी असतो, आणि त्यात घर चालतं का हे आधी बघायला लाजू नकोस. पैशाअभावी तिसऱ्या वर्षी सोडून जाणारे डॉक्टर मी खूप पाहिले, गावाला त्याचा त्रास होतो. बाहेर असलीस तरी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी चुकवू नकोस. आणि आईला एकदा तिथे घेऊन जा. माझी आई धडगावला आली, दवाखान्याच्या ओट्यावर बसून बायकांशी बोलली, पाच दिवस राहिली. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही, फक्त दर दिवाळीला फराळाचे दोन डबे जास्त पाठवायची.

तू वेल्ह्याकडे किंवा आंबेगाव-जुन्नरच्या आदिवासी पट्ट्यात बॉण्ड मिळतोय का बघ. आरोग्य केंद्राचं नाव कळलं की मला कळव. जूनआधी एक दिवस मी येते. जोखमीच्या गरोदर बायकांची यादी आणि हृदयरोगाच्या मुलांची यादी आपण दोघी आरोग्य सेविकेबरोबर बसून काढू, आणि पहिल्या तीन घरी जाऊन येऊ.